पियानोचा क्लास : सांगलीतल्या वाचनकट्ट्यावरचं एक प्रकरण

आधीच सांगतो, हे लिहायच्या आधी काका आणि काकू दोघांनाही विचारलंय. काका नुसतं "लिही की" म्हणाले. काकूंनी अट घातली, जामीनकीचं लिही पण आकडा लिहायचा नाही. तर आकडा येणार नाही, बाकी घडलं तसं.

आमचा कट्टा भरतो विश्रामबागला, काकांच्याच हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी. सात-आठ टाळकी. एक वकील, मराठीच्या रिटायर्ड मॅडम, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला असलेला एक इंजिनिअर, कधीमधी त्याची बायको, मी आणि काका-काकू. माझं मेडिकलचं दुकान आहे आणि माझं तोंड जरा जास्त चालतं, या दोन्ही गोष्टी पुढं लागणार आहेत म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. काका सहकारी बँकेच्या वसुली खात्यातनं रिटायर झालेले, हिशोबाला एकदम चोख माणूस, भाजीवाल्याकडनं दोन रुपये जास्त आले तर परत द्यायला जाणारा. काकू माहेरच्या हरिपूरच्या, म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या, हळदीच्या पेवांच्या गावच्या. नाटकाचं वेड रक्तातच.

मागच्या पावसाळ्यात मॅडमनी विषय काढला. नवरा-बायकोतला विश्वासघात पुस्तकांमधनं येतो तेव्हा तो परिस्थितीमुळं होतो का स्वभावामुळं. वाचायला ठरलं 'मादाम बोव्हारी', फ्लोबेरची. १८५६ मध्ये पॅरिसच्या एका पाक्षिकात क्रमशः आली, १८५७ च्या सुरुवातीला तिच्यावर खटला झाला, सार्वजनिक नीती आणि धर्म बिघडवते म्हणून, आणि फेब्रुवारीत कोर्टानं सोडून दिली. फ्रेंच उच्चार आमच्यात कुणालाच धड येत नाहीत त्यामुळं इंग्रजी स्पेलिंगवरनं जे तोंडात बसलं ते बसलं, चार्ल्स, रोडॉल्फ, लिऑन. तो उधारीवाला कापडवाला आहे त्याचं नाव तर कुणाच्याच जिभेवर बसेना, काका त्याला सरळ सावकार म्हणायचे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ल्स हा खेड्यातला डॉक्टर, खरं तर पुरता डॉक्टरही नाही, खालच्या परीक्षेचा. बायको एम्मा, शेतकऱ्याची पोरगी, कॉन्व्हेंटात शिकलेली, प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून वाचून आयुष्य तसंच असणार असं धरून बसलेली. नवरा भला आहे पण बोलायला लागला की रस्त्याच्या फरशीसारखा सपाट. मग रोडॉल्फ येतो, जमीनदार, मुरलेला. तो तिला पटवतो कुठं, तर कृषी प्रदर्शनात. खाली बक्षिसं जाहीर चाललीत, उत्कृष्ट शेणखताचं बक्षीस अमक्याला, आणि वरच्या खिडकीत हा तिचा हात धरून जन्मजन्मांतरीचं बोलतोय. हे वाचून आमचा इंजिनिअर इतका हसला की चहा सांडला, कारण आपल्याकडचं कुठलंही कृषी प्रदर्शन आठवा, लाऊडस्पीकरसकट. नंतर रोडॉल्फ पळ काढतो. त्याच्यानंतर लिऑन, वकिलाकडचा कारकून. जोडीला उधारी, हुंड्या, हुंड्यांवर हुंड्या, शेवटी आठ हजार फ्रँकची जप्ती आणि मग विष.

आता मूळ प्रकरण. काकूंना इंग्रजी वाचायला जमत नाही. म्हणून काका सकाळी पंचवीस-तीस पानं वाचायचे आणि रात्री जेवणं झाल्यावर काकूंना मराठीत सांगायचे. काकू दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत ऐकायच्या. तीन आठवडे हे चाललं. काकू मला नंतर म्हणाल्या, अडतीस वर्षं झाली लग्नाला, एवढं सलग माझ्याशी हे माणूस कधी बोललं नव्हतं. रोडॉल्फ सोडून जातो तेव्हा निरोपाचं पत्र जर्दाळूंच्या टोपलीत तळाला घालून पाठवतो, आणि पत्र लिहून झाल्यावर त्याला वाटतं रडल्याची खूण पाहिजे, म्हणून ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब कागदावर टाकतो, शाई पसरते. हे काकांनी सांगितलं तेव्हा काकूंच्या हातात गवारीची शेंग होती, ती अर्धी मोडलेली तशीच राहिली आणि त्या म्हणाल्या, "हात झडो त्याचा." काका हे कट्ट्यावर कौतुकानं सांगत होते.

त्याच शनिवारी घोळ झाला. प्रत्येकानं एम्माबद्दल काय वाटलं ते सांगायचं होतं. काकूंची पाळी आली. म्हणाल्या, मला तर कीव आली बाई तिची, एका माणसानं फसवलं, आजारी पडली, नवऱ्याला सांगता येईना, त्यात त्या सावकारानं गाठलं, आणि त्या सगळ्यात दर गुरुवारी बिचारी गाडीत बसून शहरात पियानो शिकायला जायची, तेवढाच काय तो विरंगुळा.

आणि मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणलं, "काकू, पियानो कसला, लिऑनकडं जायची ती, हॉटेलवर."

"कोण लिऑन?"

सगळे गप. वकिलांनी घसा खाकरला. तेवढ्यात दोन-तीन मोबाईल एकदम वाजले, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी अडतीस फूट. पावसाळ्यात सांगलीत हे मेसेज चालूच असतात, चाळीस इशारा, पंचेचाळीस धोका, शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. त्यामुळं सगळ्यांना मोबाईलमध्ये डोकं घालायला निमित्त मिळालं. काका म्हणाले, "राहिलं वाटतं सांगायचं, विसरलो असेन." काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, भडंग आणलं, सगळ्यांना दिलं, काकांच्या पुढं वाटी ठेवली नाही.

आता हे जरा नीट बघा, कारण मला सगळी गंमत इथंच वाटते. कादंबरीत एम्मा नवऱ्याला जी थाप मारते ती हीच आहे. पियानोचा क्लास. एकदा चार्ल्सला ती शिकवणारी बाई भेटते आणि म्हणते मी तुमच्या मिसेसना ओळखत नाही, तर एम्मा माझं नाव विसरली असेल ती म्हणून वेळ मारून नेते आणि पुढं फीची खोटी पावती चार्ल्सच्या बुटात सापडेल अशी ठेवते. चार्ल्सचा विश्वास बसतो. आणि काकांनी काय केलं, लिऑन काढून टाकला पण गुरुवारच्या फेऱ्या काढता येईनात, कारण त्या काढल्या तर खर्चाचा हिशोब जुळत नाही, आणि हिशोब न जुळता गोष्ट सांगणं काकांना जमणारच नाही. म्हणून त्यांनी एम्माचीच थाप उचलली आणि जशीच्या तशी काकूंना दिली. म्हणजे ती एकच पावती आधी चार्ल्सच्या बुटात आणि मग विश्रामबागेत.

एक भर घालतो. खटल्याबद्दल वाचताना मला सापडलं की पाक्षिकवाल्यांनी छापताना एक प्रसंग गाळला होता, रुआँ शहरात पडदे ओढलेली घोडागाडी दिवसभर गावभर फिरत राहते तो, आणि त्या गाडीत आहेत एम्मा आणि लिऑन. फ्लोबेर त्यावरनं भडकला होता. मी तिथल्या तिथं काकांना फोन लावला, म्हणलं काका तुम्ही एकटे नाही, पॅरिसच्या संपादकांनी पण तुमच्यासारखाच लिऑन कापला होता. काका हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना कोर्टाची भीती होती, मला कशाची होती ते मला सांगता येईना झालंय."

पुढच्या शनिवारी मॅडमनी मुद्दाम विषय लिऑनवर नेला नाही, चार्ल्सवर नेला, शहाणी बाई. आणि तिथं खरं काय ते निघालं. चार्ल्सला सगळे बावळट म्हणतात. पहिल्याच प्रकरणात तो शाळेत येतो तेव्हा त्याच्या टोपीवरनं वर्ग हसतो, तेव्हापासनं वाचणारापण हसायला लागतो. पण मॅडमनी तीन जागा दाखवल्या. रोडॉल्फ म्हणतो तब्येतीला घोडेस्वारी चांगली, एम्मा नको म्हणते, तर चार्ल्स स्वतः तिला पटवतो, स्वारीचा ड्रेस शिवायला सांगतो, वर रोडॉल्फला कळवतो की माझी बायको तुमच्यासोबत यायला तयार आहे. ऑपेराला तिला नेणारा तोच आणि तिथं लिऑन भेटल्यावर तू एक दिवस अजून थांब म्हणणारा पण तोच. आणि मुखत्यारपत्राचं कुणाला विचारायचं हा प्रश्न आला तेव्हा लिऑनचं नाव काढणारा पण चार्ल्सच. तीन्ही वेळा त्याच्या मनात एकच, हिला बरं वाटावं, हिला त्रास नको. तिच्या आजारपणात तो त्रेचाळीस दिवस कामधंदा सोडून उशाशी बसलाय. पण या सगळ्यात तो एकदाही विचारत नाही की तुला नक्की काय होतंय.

"हिला त्रास नको" हे मॅडमनी म्हणलं मात्र, काकूंनी मान वर केली.

"जामीनकीचंपण असंच होतं की," काकू म्हणाल्या.

झालं होतं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी काकांनी धाकट्या भावाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. काकूंना सांगितलं नाही, कशाला उगीच हिच्या जिवाला घोर. भावाचे हप्ते थकले. तीन वर्षांनी दारात नोटीस आली, काका ऑफिसला गेलेले, सही करून ती घेतली काकूंनी. स्वतः वसुलीत काम करणारा माणूस, दुसऱ्यांच्या दारात नोटिसा धाडणारा, आणि ह्याच्या दारात नोटीस आलेली बायकोला पोस्टमनकडनं कळते. पैसे फेडले त्यांनी, पण काकूंच्या बांगड्या त्यात गेल्या. काकू म्हणाल्या, बांगड्यांचं काही नाही, मी तीन वर्षं रोज ह्यांच्या ताटात भाकरी वाढत होते आणि ह्यांना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल यात बेइमानी कुठं आली, दुसरी बाई नाही, काही नाही. मला मात्र वाटतं नेमकं इथंच पुस्तकातल्या लोकांकडं नीट बघावं लागतं. आपण म्हणतो जो भटकतो त्याचा स्वभाव वाईट, चंचल, हावरट, आणि जो टिकतो त्याचा चांगला. पण या कादंबरीत घात करतो तो चांगला समजलेला स्वभाव. चार्ल्सचा भरवसा. एम्मा थापा मारते ते तर दिसतंच, पण ती थाप ज्याच्यावर रुजते ती जमीन चार्ल्सची आहे. टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'त पहिल्याच पानांवर ॲनाचा भाऊ स्टिव्हा पकडला जातो, बायकोच्या, म्हणजे डॉलीच्या, हातात चिठ्ठी आहे, आणि हा काय करतो, तर हसतो. नेहमीचं आपलं भलेपणाचं हसू चेहऱ्यावर आपोआप येतं आणि बायको बिथरते ती त्या हसण्यावर. ज्या गोडव्यावर सगळं गाव खूश, त्याच गोडव्यानं घर फुटतं. त्याला पश्चात्ताप कसला, तर नीट लपवता आलं नाही याचा. मॅडम म्हणाल्या डॉलीला पाच पोरं आणि वर दोन गेलेली, तिला चंचल व्हायला वेळ तरी होता का. यावर वेगळंच भांडण झालं ते सोडा.

वकिलांनी त्यांची बाजू मांडली. म्हणाले, २०१८ पर्यंत आपल्याकडं ४९७ कलम होतं, त्यात गुन्हेगार फक्त पुरुष, बाईला शिक्षाच नाही, आणि तक्रार करणार कोण तर नवरा. म्हणजे एम्मा सुटली, आत गेला असता रोडॉल्फ, ते पण चार्ल्सनं तक्रार केली तर. सुप्रीम कोर्टानं कलमच काढून टाकलं, आता घटस्फोटाला कारण म्हणून तेवढं उरलंय. आणि चार्ल्स तर तक्रार करणारा नव्हेच. एम्मा गेल्यावर त्याला सगळी पत्रं सापडतात, बाजारात रोडॉल्फ भेटतो, दोघं बसून बिअर पितात आणि चार्ल्स म्हणतो माझा तुमच्यावर राग नाही, नशिबाचा दोष. दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या मरतो, हातात तिच्या केसांची बट. वकील म्हणाले असला अशील मिळाला तर मी वकिली सोडीन.

काका हे सगळं ऐकत होते. त्यांचं म्हणणं पहिल्यापासनं वेगळं होतं, की ही प्रेमाची नाहीच, थकबाकीची केस आहे, रोडॉल्फनं सोडलं तेव्हा ती मेली नाही, लिऑनला ती कंटाळली तेव्हापण मेली नाही, जप्तीचा कागद आला तेव्हा मेली. सावकारानं हुंडी नवी करून देत देत कसं अडकवलं हे ते आम्हाला बोटं मोजून दाखवायचे. बरोबरच आहे म्हणा, मला पण पटतं. पण काकूंनी एकच विचारलं, "मग कागद लपवणारीची तुम्हाला एवढी कीव का आली ते कळलं का आता?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसरा माणूस आहे म्हणलं असतं तर तू ऐकायची थांबली असतीस. आणि मला तू ऐकायला पाहिजे होतीस."

काकू म्हणाल्या, "थांबले असते का नसते ते माझं मी बघितलं असतं."

एम्मा काकांना इतकी का भिडली हे मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे काकांना चार्ल्स समजत होतो, साधा, सरळ, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. त्या घरातला कागद लपवणारा मात्र काका होते. भरवसा ठेवून वाढत राहिलेल्या काकू, म्हणजे चार्ल्स त्या. फरक एवढाच की काकू हरिपूरच्या आहेत, त्या नशिबाचा दोष म्हणून बिअर प्यायला बसणाऱ्यातल्या नाहीत.

हरिपूरचं म्हणतोय ते उगीच नाही. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचेच, १८५५ चा जन्म. लोकांना 'शारदा' आठवतं. पण काकूंनी आम्हाला दाखवून दिलं की संशयावर या माणसानं दोन्ही टोकांची नाटकं मराठीत आणली. १८९० ला 'झुंजारराव', म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो, आणि १८९३ ला 'फाल्गुनराव', मूळ मोलिएरचं, तेच पुढं पदं घालून १९१६ ला 'संशयकल्लोळ' झालं. एकीकडं रुमाल, दुसरीकडं तसबीर. वस्तू एवढीशी, कुणाच्या हातात कशी आली याला साधं कारण आहे, आणि दोन्हीकडं नवरा पेटतो. मग एक नाटक मरणात आणि एक हशात का संपतं. काकूंचं उत्तर असं, झुंजारराव सरदार माणूस, हाताखालच्याचा निरोप आला की निर्णय घ्यायचा ही सवय, लढाईत त्याच सवयीनं जिंकला, घरात त्याच सवयीनं बायको मारली. विचारतो तो, पण विचारायच्या आधीच ठरलेलं असतं. फाल्गुनराव संशयी आहे पण भित्रा, घोळ घालणारा, त्याला ठरवताच येत नाही, नुसता आरडाओरडा करत गावभर फिरतो. बायको कृत्तिका पण तशीच, त्याच्यावर तितकाच संशय घेणारी. आणि एवढा आरडाओरडा झाल्यावर सगळे कधी ना कधी समोरासमोर येतात आणि तसबिरीचं कोडं सुटतं. "गप्प बसला असता तर त्याचा पण झुंजारराव झाला असता," काकू म्हणाल्या. आणि मग काकांकडं न बघता, "किंवा तुमचा चार्ल्स."

मला स्वतःला हे इतकं पटलं की त्या दिवशी मी चक्क काही बोललो नाही.

कारण या प्रकरणात माझा पण भाग आहेच. कादंबरीत एक मेडिकलवाला आहे, होमे, गावातला सगळ्यात शहाणा, प्रत्येक विषयावर बोलणारा. दुकानातल्या पोऱ्यानं चुकून वरच्या खोलीतलं भांडं आणलं म्हणून हा चार लोकांसमोर त्याला झापतो, अरे तिथं शेजारीच निळी बाटली आहे, पिवळ्या मेणानं बंद केलेली, त्यात आर्सेनिक आहे, माहिती आहे का तुला. एम्मा तिथंच उभी असते. विष कुठं ठेवलंय ते तिला असं कळतं. होमेच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त आपल्याला किती माहिती आहे ते दाखवायचं होतं. मला हे वाचताना पहिल्यांदा हसू आलं होतं. पियानोच्या शनिवारनंतर परत वाचलं तेव्हा नाही आलं. मी तरी लिऑनचं का बोललो, काकूंना खरं कळावं म्हणून थोडंच, मला माहिती आहे हे दाखवायला.

काका-काकूंचं पुढं काय झालं विचाराल तर फार काही नाही. दहा-बारा दिवस रात्रीची गोष्ट बंद होती. मग काकूंनीच सांगितलं, पहिल्यापासनं परत सांगा, लिऑनसकट, आणि काही गाळलंत तर मी मेडिकलमध्ये जाऊन विचारून येईन. काका आता पानांवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवतात, मी बघितल्यात, समासात बारीक आकडे, बँकेच्या लेजरला असतात तसे. घोडागाडीचा प्रसंग त्यांनी कसा सांगितला हे मी विचारलं नाही, एवढं तरी शिकलो.

मागच्या महिन्यात काकू दुकानात आल्या, बीपीच्या गोळ्या न्यायला. शेवटची पन्नास पानं राहिली होती त्यांची. मी गोळ्या पिशवीत घालत होतो तर म्हणाल्या, "अरे, तिची ती पोरगी कुठं जाते शेवटी?"

"सूतगिरणीत. कामाला."

"आणि तो तुझा मेडिकलवाला, त्याचं काय होतं?"

मी जरा थांबलो. म्हणलं, सांगू का काका सांगतील तेव्हा ऐकताय?

"सांग की. तुझंच आहे ते."

"त्याला सरकारकडनं पदक मिळतं, काकू."

काकूंनी पिशवी उचलली, पायरी उतरल्या, आणि रस्त्यावरनं वळून बघून इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला.